वाचकांचे प्रश्न : आगगाडी, मेंढरांचे वाडे आणि आपला मुलूख

गेल्या अंकात याच सदरात मायाक्का देवीच्या चिंचली येथील यात्रेला येणाऱ्या मेंढरांच्या वाड्यांविषयी, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांच्या तळांविषयी, आणि जुन्या मीटर गेज रेल्वेविषयी थोडे लिहिले होते. त्यावर रायबाग, खानापूर, चिकोडी, अथणी आणि निपाणी या भागांतून पत्रे आली. एकमेकांशी जोडलेल्या पाच प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. ज्या पत्राला मोठे उत्तर हवे होते त्याला ते दिले आहे, बाकीची थोडक्यात आटोपली आहेत.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत की त्यांच्या लहानपणी आमच्या बाजूच्या स्टेशनावरून मेंढरे आगगाडीत भरून मुंबईला पाठवत. रेल्वे आमच्याकडे केव्हा आली, मेंढरे इतक्या लांब कशी नेत असत, आणि वाटेत मेंढरू मेले तर त्याची भरपाई मिळत असे का? (रायबाग तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर आणि कर्नाटकावर जो मोठा दुष्काळ पडला, त्यातून आपल्याकडच्या रेल्वेचा विचार जोर धरू लागला. धान्य एका मुलखात पडून आणि माणसे दुसऱ्या मुलखात उपाशी, अशी अवस्था सरकारने पाहिली होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाने रेल्वेमार्ग वाढवण्यावर भर दिला, १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९० पर्यंत पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा हा मार्ग सलग सुरू झाला. लोंढ्यापुढे कॅसलरॉकहून घाट उतरून मुरगावच्या बंदरापर्यंत जाणारी पोर्तुगीज हद्दीतील रेल्वे त्याला जोडली गेली, तर मिरजेहून कोल्हापूरचा फाटा १८९१ मध्ये खुला झाला. आपले रायबाग त्या वेळी कोल्हापूर संस्थानात होते आणि बेळगाव खालसा, म्हणजे थेट इंग्रज सरकारच्या मुलखात. त्यामुळे मिरजेहून बेळगावला निघालेली एकच गाडी काही तासांत दोन-तीन राज्यांच्या हद्दी ओलांडत असे. मेंढके मात्र त्याच हद्दी पायी ओलांडत, आणि हद्द बदलली की चराईचा आकार व कोंडवाड्याचा अधिकारी बदलतो, हे त्यांना पुरते ठाऊक असे.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर एका साध्या मापात आहे. आपला मार्ग मीटर गेजचा, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला होता, आणि पुण्याहून मुंबईला जाणारा मार्ग ब्रॉडगेजचा, म्हणजे १.६७६ मीटरचा होता. आपल्याकडचा डबा मुंबईच्या रुळावर चालूच शकत नव्हता. पुणे ते मिरज हा भाग १९७१ मध्ये रुंद झाला आणि मिरजेपासून लोंढ्यापर्यंतचा भाग तर १९९० च्या दशकात, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांदेखत रुंद झाला. तेव्हा आजोबांच्या आठवणीतील मेंढरे मुंबईला गेली असतील, तर ती वाटेत एकदा उतरवून, मोजून, पुन्हा दुसऱ्या डब्यात चढवलेली असणार. मुंबईचा मोठा खाटीकखाना त्या काळी वांद्र्याला होता. तो देवनारला हलला तोही १९७१ मध्येच.

मेंढरू डब्यात चढवणे आणि जिवंत उतरवणे हे कसबाचे काम आहे. ज्यांनी ते केले आहे त्यांना माहीत असते की मेंढरांची खरी भीती गर्दीची नसून पडण्याची असते. डबा फार मोकळा असला तर गाडीने ब्रेक लावताच मेंढरे एका बाजूला घसरतात आणि एकमेकांवर चढतात, आणि फार ठासून भरला तर जे खाली बसले त्याला उठता येत नाही व बाकीची त्याच्यावर उभी राहतात. म्हणून भरताना इतकीच जागा ठेवतात की एकमेकांच्या आधाराने ती उभी राहतील आणि आत शिरलेल्या माणसाला त्यांच्यामधून पाय टाकता येईल. शिंगांचे एडके वेगळे, गाभण मेंढ्या वेगळ्या आणि कोकरे वेगळी ठेवतात. पोट तुडुंब भरून, ओल्या लोकरीने किंवा पाऊस अंगावर असताना मेंढरू भरत नाहीत. आदल्या दिवशी कडबा किंवा शेंगांचा वाळला पाला द्यायचा, हिरवा चारा टाळायचा आणि पाणी थोडे थोडे पाजायचे. उन्हाळ्यात लोखंडी पत्र्याच्या डब्यात दुपारी घालवलेले दोन तास मेंढराला दिवसभराच्या चालीपेक्षा महाग पडतात, कारण अंगावरची लोकर आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून रात्रीचा प्रवास बरा.

मेंढका सोबत असला तर तो प्रत्येक थांब्यावर कंदील घेऊन डब्याच्या फटीतून आत पाहतो. सगळी डोकी वर दिसली की ठीक. एखादी जागा रिकामी दिसली, म्हणजे वरून पाठींची रांग मध्येच तुटलेली दिसली, तर तिथे खाली मेंढरू पडलेले आहे असे समजायचे. ही खूण मी स्वतः एका वृद्ध मेंढक्याकडून ऐकली आणि पुढे पडताळूनही पाहिली. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातून टेम्पोने बाजाराला नेलेल्या तीस मेंढरांपैकी चार तळाशी गुदमरून मेली, कारण चालकाने वाटेत एकदाही मागचे फळकूट उघडून पाहिले नव्हते. त्या चार मेंढरांची पोटे फुगलेली होती आणि अंगावर इतरांच्या खुरांचे वण उठले होते. रेल्वेच्या डब्यासाठी जो नियम होता तोच आजच्या टेम्पोलाही लागू आहे, आणि तो न पाळणाऱ्यांविषयी मला मनापासून राग येतो.

आता भरपाईविषयी. १८९० च्या रेल्वे कायद्यात जनावरांच्या वाहतुकीबद्दल स्पष्ट मर्यादा होती. पाठवणाऱ्याने आधी जास्त किंमत जाहीर करून वाढीव आकार भरला नसेल, तर मेंढी, शेळी, गाढव आणि कुत्रा यांच्यासाठी रेल्वेची जबाबदारी डोक्यामागे १० रुपयांपेक्षा अधिक नसे. गाय-बैल आणि उंटांसाठी ही मर्यादा ५० रुपये होती. आणखी एक कलम मेंढक्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते : जनावर बिथरल्यामुळे किंवा अस्वस्थ होऊन धडपडल्यामुळे जे नुकसान होईल त्याची जबाबदारी रेल्वेवर नव्हती. मेंढरू हे मुळातच बिथरणारे जनावर. शिट्टीने दचकून एक उसळले की पन्नास उसळतात. कायद्याचे हे वाक्य वाचल्यावर समजते की डब्यात मेंढक्याची उपस्थिती किती आवश्यक होती, कारण तो नसेल तर नुकसान जवळजवळ नेहमीच मालकाच्या माथी येणार होते.

शेवटी एक खुलासा. मेंढरांनी रेल्वेने प्रवास केला तो बहुतेक विकले गेल्यावर. पावसाळ्यात ओल्या मुलखातून पूर्वेकडे अथणी, गोकाककडच्या कोरड्या मुलखात जाणे आणि सुगी झाल्यावर परत शेताशेतांतून मेंढरे बसवत येणे, हा वार्षिक फेरा आधीही पायी होता आणि रेल्वे आल्यावरही पायीच राहिला. शेतकऱ्याला रात्रीचे लेंडीखत हवे असते व मेंढक्याला त्याबदल्यात धान्य हवे असते, आणि हा व्यवहार गावोगाव थांबल्याशिवाय होत नाही. गाडीत बसवलेले मेंढरू कोणाच्याच शेतात बसत नाही.

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या कागदपत्रांत १८९० च्या दशकातील एक चिठ्ठी सापडली. तिच्यात लिहिले आहे की गाडी 'मद्रास टाइमाने' दहाला सुटते, तेव्हा आपल्या घड्याळावर विसंबू नये. मद्रासचा आमच्या खानापूरशी काय संबंध? आणि त्या काळी बायकामाणसे असा प्रवास कशी करत? (खानापूर येथील एक वाचक भगिनी)

उत्तर : आपल्याकडे जपून ठेवलेली ही चिठ्ठी मोलाची आहे. सबंध हिंदुस्थानसाठी एकच वेळ ठरेपर्यंत रेल्वे कंपन्या मद्रासच्या वेधशाळेची वेळ पाळत, तर गावोगाव सूर्याच्या मध्यान्हीवरून लावलेली स्थानिक वेळ चाले. मद्रास आपल्यापेक्षा पूर्वेला असल्याने तिथे सूर्य आधी डोक्यावर येतो. रेखांशांतील अंतराचा हिशेब केला तर बेळगावच्या मध्यान्हीला मद्रासच्या घड्याळात १२ वाजून सुमारे २३ मिनिटे झालेली असत. म्हणजे पणजोबांच्या घड्याळात नऊ वाजून ३७ मिनिटे झाली की गाडी सुटायची वेळ झाली. हा घोळ १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावर रेल्वेपुरता मिटला. मुंबई शहराने मात्र आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत काही ठिकाणी टिकवून धरली होती.

प्रवासाबद्दल सांगायचे तर सामान्य कुटुंब तिसऱ्या वर्गातून जाई. लाकडी बाके, रात्री तेलाच्या दिव्याचा मिणमिणता उजेड आणि सुरुवातीच्या दशकांत खालच्या वर्गांच्या डब्यांत शौचकूप नाही, अशी स्थिती होती. यातील शेवटची गोष्ट स्त्रियांना किती छळत असेल हे आपण समजू शकता. गाडी मोठ्या स्टेशनावर थांबली की उतरायचे, तांब्या भरायचा, मुलाचा हात घट्ट धरायचा आणि शिट्टीकडे कान लावून परतायचे. शिदोरी घरचीच असे : भाकरी, चटणी, दशम्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षापासून स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, तेव्हा परक्या पुरुषाने काखेत आणि मानेला गाठ चाचपणे हा स्त्रियांना असह्य अपमान वाटला, आणि तो वाटणे रास्तच होते. तरीही प्रवास वाढतच गेला. बेळगावहून पुण्याला बैलगाडीने पंधरवडा मोडत असे, तिथे आता एक दिवस-रात्र पुरत होती. माहेर दूर असलेल्या मुलीसाठी हा फरक केवढा होता ते सांगायला नको.

प्रश्न : चिकोडी रोड हे स्टेशन चिकोडीपासून इतके लांब का? (चिकोडी येथील एक विद्यार्थी)

उत्तर : नावातच उत्तर आहे. ज्या गावापर्यंत रूळ गेले नाहीत, पण ज्या गावाला जाणारा रस्ता स्टेशनाजवळून फुटतो, तिथे कंपन्या गावाच्या नावापुढे 'रोड' लावत. गोकाक रोड हे नावही तसेच. पुढचा प्रवास बैलगाडीने किंवा पायी, आणि तो बहुधा रात्रीचा.

प्रश्न : आमचा वाडा दर साली रूळ ओलांडतो. माझी आजी म्हणायची की रुळाकडेच्या डबक्यातले पाणी मेंढरांना पाजू नये, त्याने काळजात पाने होतात. ही नुसती समजूत आहे का? आणि पूर्वी मेंढरे रुळावर गेली तर दंड होत असे का? (अथणी तालुक्यातील एक तरुण मेंढपाळ)

उत्तर : आपल्या आजीचे बोलणे अक्षरशः खरे आहे, आणि ते जपून ठेवावे असे आहे. काळीज म्हणजे मेंढराचे यकृत, आणि त्यात होणारी 'पाने' म्हणजे पर्णकृमी. कत्तलीनंतर काळीज चिरले की पित्ताच्या नळ्यांतून चपटे, तपकिरी, खरोखरच लहान पानासारखे दिसणारे किडे बाहेर येतात. या कृमीची अंडी मेंढराच्या लेंडीतून पाण्यात पडतात, त्यातून निघालेला जीव पाण्यातल्या छोट्या गोगलगायीत शिरून तिच्या पोटात वाढतो, पुढे बाहेर पडून काठावरच्या गवताला चिकटतो आणि ते गवत मेंढराने खाल्ले की त्याच्या यकृतात पोचतो. ऑक्सफर्डचे ए. पी. थॉमस आणि लाइपझिगचे रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी हे चक्र स्वतंत्रपणे उलगडले ते १८८० च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे आपल्याकडे रुळांसाठी भराव पडत होता त्याच सुमारास.

आता डबकी कुठून आली ते पाहा. रुळाला उंच भराव लागतो, त्यासाठी माती आणि मुरूम शेजारच्याच जमिनीतून खणून काढतात, आणि असे उघडे खड्डे मार्गाच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल राहून जातात. पावसाळ्यात ते भरतात आणि हिवाळ्यापर्यंत ओले राहतात. कोरड्या मुलखातून चालत आलेल्या तहानलेल्या मेंढरांना हे हिरवे काठ आणि पाणी म्हणजे मोठा मोह, आणि गोगलगायींना तर हक्काचे घर. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा झाला, कालवे वाहू लागले, तेव्हा अशा ओल्या काठांमध्ये आणखी भर पडली. आजीने कोणतेही पुस्तक न वाचता रोग आणि जागा यांचा संबंध जोडला, तो अनेक मेलेल्या मेंढरांची काळजे पाहून.

आपण खूण अशी ओळखावी. मेंढरू खाते पण अंगाला लागत नाही, लोकर ओढली की सहज हातात येते, डोळ्याची खालची पापणी उलटून पाहिली तर आतला भाग लाल न दिसता पांढुरका दिसतो, आणि सकाळी नाही पण संध्याकाळी चरून आल्यावर जबड्याखाली पाण्याची पिशवी उतरल्यासारखी सूज दिसते. बोट दाबले तर खळगा राहतो. पोटातल्या इतर जंतांनीही अशीच सूज येते, म्हणून औषध अंदाजाने पाजू नका. दहा-पंधरा मेंढरांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या कागदांत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या आणि वजनाप्रमाणे मात्रा विचारून घ्या. पर्णकृमीचे औषध वेगळे असते, साध्या जंतांच्या औषधाने तो बऱ्याचदा मरत नाही. दव सुकेपर्यंत वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, मेंढरे सोडू नयेत हा आपल्याकडचा जुना नेमही जंतांच्या दृष्टीने योग्यच आहे.

ओल्या जमिनीचा दुसरा उपद्रव खुरांना होतो. खुराच्या बेचक्यात कुजल्याचा वास येऊ लागला की ती मेंढरे लगेच वेगळी करावीत, वाढलेले खूर छाटावे आणि मोरचुदाच्या पाच ते दहा टक्के पाण्यात, म्हणजे दहा लिटर पाण्याला अर्धा ते एक किलो या प्रमाणात, खूर बुडतील असे चालवावे. ते पाणी मेंढरांनी पिऊ नये याची काळजी घ्या, कारण मोरचुदात तांबे असते आणि मेंढराला ते लवकर बाधते. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची लस पावसाळ्याआधी, मेंढ्यांच्या देवीची लस वर्षातून एकदा आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस तीन वर्षांतून एकदा, असा नेम वाड्यातल्या सर्वांनी मिळून पाळावा. एकाच्या मेंढरांना टोचले आणि शेजारच्या बिऱ्हाडाच्या मेंढरांना नाही, असे झाले तर रोग रस्ता शोधतोच. आपल्या पणजोबांच्या पिढीला हा आधार नव्हता. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते १८८६ मध्ये, आणि जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली ती १८८९ मध्ये. ती चार वर्षांत दूर हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. देवी आली की मेंढके आजारी मेंढरे माळावर वेगळी ठेवत, मायाक्काला नवस बोलत आणि तो मुलूख टाळून वाट बदलत. यातील वेगळे ठेवणे आणि वाट बदलणे हे दोन्ही उपाय आजही तितकेच खरे आहेत.

दंड होत असे. १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्यात जनावर या शब्दात मेंढ्या, शेळ्या, करडे, कोकरे सगळे येत होते. त्याशिवाय १८९० च्या रेल्वे कायद्याने, जिथे जनावरे रोखण्याजोगे कुंपण आहे तिथे जनावर रुळावर शिरले तर डोक्यामागे ५ रुपयांपर्यंत दंड करता येत असे. दोनशे मेंढरांच्या वाड्याचा हिशेब आपणच करा. म्हणूनच जुने मेंढके रूळ ओलांडताना एक माणूस पुढे, एक मागे आणि एक थेट रुळांच्या मध्ये उभा करत. मेंढरे पुढचीच्या मागे जातात, त्यामुळे एकदा रांग लागली की गाडी दिसली तरी ती थांबत नाही. मधला माणूस काठी आडवी धरून रांग तोडतो आणि चाळीस-पन्नासांच्या तुकड्या करून सोडतो. आपणही असेच करावे. आता गाड्या विजेवर धावतात, धूर नाही, आवाज कमी, आणि जवळ येईपर्यंत त्यांचा वेग कळत नाही. शक्य असेल तिथे थोडा वळसा पडला तरी फाटकातून किंवा भुयारी मार्गानेच जा.

प्रश्न : घरात सासूबाईंची जुनी काळी घोंगडी आहे. त्या सांगत की ती अंथरून त्यांनी मिरजेपर्यंतचा पहिला रेल्वेप्रवास केला. तिला कसर लागू लागली आहे. धुवावी का? (निपाणी येथील एक गृहिणी)

उत्तर : साबणाच्या पावडरीने आणि वॉशिंग मशीनमध्ये मुळीच धुवू नका. आपल्या भागातील दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुधा काळी असते. वर्षातून दोनदा कातरून एका मेंढीपासून जेमतेम अर्धा किलो मिळते, आणि कोकराच्या पहिल्या कातरणीचे मऊ जावळ तर त्याहून कमी. अशा कितीतरी मेंढ्यांची लोकर हाताने कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन ही घोंगडी विणलेली असते. कसर लागते ती अंधारात, घडी घालून वर्षभर ठेवलेल्या लोकरीला. घोंगडी बाहेर काढा, काठीने हलके झोडपून धूळ उडवा, आणि कडक उन्हात खडबडीत दोरीवर दोन दिवस दोन्ही बाजूंनी वाळवा. घडीच्या रेघांवर बोट फिरवून पाहा, अळीने कातरलेल्या जागी लोकर भुरभुरते. तेवढ्या जागा मऊ ब्रशने झाडून घ्या. डाग असेल तर थंड पाण्यात रिठ्याचा फेस करून तेवढीच जागा टिपा, चोळू नका. नंतर वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी घडी वेगळ्या रेघेवर घाला.